चायनावाल्या वहिनी

“चायनावाल्या वहिनी इथंच राहतात ना?”

फाटकाशी एक बाई उभी होती. चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्याला फिकट हिरवा स्कार्फ घट्ट बांधलेला, हातात पेढ्यांचा पुडा. मागं रस्त्यावर तिचा नवरा मोटरसायकल चालू ठेवूनच थांबला होता. मी म्हटलं, “मीच ती. या की आत.”

इचलकरंजीत मला हे नाव पडून तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझे यजमान चंद्रशेखर कापडाच्या व्यापारात. त्या व्यापारापायी आम्ही चीनमध्ये शाओशिंग नावाच्या गावात काही वर्षं राहिलो, आणि मी एकटी कायमची परत आले. यांचं येणंजाणं चालूच होतं. त्यामुळं गल्लीतल्या बायका मला हेमलता ढवळे म्हणायचं विसरल्या होत्या.

बाईनं सोफ्याच्या कडेवर बसून आपलं नाव सांगितलं. त्रिशला मगदूम, हुपरीची. नवरा अण्णासाहेब घरातच चांदीच्या पैंजणांचं काम करायचा. मग तिनं पेढे माझ्या हातात ठेवले आणि तिचे डोळे भरून आले.

“वहिनी, तुमच्यामुळं वाचले मी.”

“माझ्यामुळं? मी काय केलं?”

“तुमचा व्हिडिओ बघितला नसता तर त्या डॉक्टरांनी कापूनच टाकलं असतं मला.” तिनं स्वतःच्या छातीकडं नुसती नजर टाकली. “डॉक्टर म्हणाले, चार किमो देऊ, गाठ लहान करू, मग ऑपरेशन. दोन किमो झाले. तेवढ्यात नंदूदादांची पुडी मिळाली. सोबत पुडी चालू केली आणि गाठ निम्मी झाली की ओ! मग किमो सोडला. दोन महिने झाले, नुसत्या पुडीवर आहे. तुम्ही नाही का झालात बऱ्या, नुसत्या काढ्यावर?”

माझ्या हातातला पुडा मी टीपॉयवर ठेवला. “कुठला व्हिडिओ?”

तिनं मोबाईल काढला. पडद्यावर मी होते. आमच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, मोरपंखी साडीत. मी हसत सांगत होते, “चीनमधल्या डॉक्टरांनी मला काढा दिला. आधी मला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. काढा सुरू झाला आणि भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. आज मी ठणठणीत आहे.” खाली अक्षरं धावत होती: छातीची गाठ, ना चिरफाड, ना किमो. आणि माझ्या धाकट्या दिराचा, नंदकुमारचा, मोबाईल नंबर.

तो दिवस मला लख्ख आठवत होता. मी परत आल्यावर घरी सत्यनारायण घातला होता. पाहुणे पांगल्यावर नंदूभाऊजी गच्चीवर आले आणि म्हणाले, “वहिनी, तिकडं तुमचं नेमकं काय काय झालं ते सांगा की एकदा. घरच्या आठवणीला राहू दे.” तोवर त्या घरात मला कुणी काही विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी साऱ्या नात्यात ‘पोटात गाठ होती’ असं सांगून टाकलं होतं. भाऊजींनी विचारलं म्हणून मी भडाभडा बोलले. तपासणी, ऑपरेशन, डावा स्तन काढला ते, सहा किमो, उशीवर गळलेले केस, आणि सगळ्यात शेवटी काढा. भाऊजी ऐकताना रडलेसुद्धा होते. त्या सगळ्यातलं त्यांनी एवढंच ठेवलं होतं.

“त्रिशलाताई,” मी म्हणाले, “हे अर्धवट आहे. माझं ऑपरेशन झालंय. किमोही झाले, सगळेच्या सगळे.”

तिनं माझ्या छातीकडं पाहिलं. डावीकडं, मग उजवीकडं. दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. ती समजुतीनं हसली.

“नंदूदादा म्हणालेच होते. घरी गेलात तर वहिनी नाहीच म्हणतील, त्यांच्यावर डॉक्टर लोकांचं दडपण आहे. असू दे हो. मी कुणाला बोलत नाही.”

“अहो, खरं सांगतेय मी...”

“हेमा!” सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “आत ये. दूध उतू चाललंय.”

दूध गॅसवर नव्हतंच. बाहेर अण्णासाहेबानं हॉर्न वाजवला. त्रिशला उठली, दारातून वळून म्हणाली, “रविवारी भेटूच की पुडीच्या शिबिरात. तुम्ही येणार आहात ना, दादांनी सांगितलंय सगळ्यांना.”

मी आत गेले. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. “परक्या बाईसमोर काय बोलायला निघाली होतीस?”

“खरं.”

“खरं बोलून काय मिळणार आहे तुला? झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे.”

त्यांना व्हिडिओ माहीत होता. त्यांच्या तोंडावरच ते दिसत होतं. काढ्यानं विरघळलेली गाठ त्यांना परवडत होती. स्तन कापलेली सून परवडत नव्हती.

शाओशिंगच्या दवाखान्यातला पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. चंद्रशेखरना बाजारापुरतं चिनी येत होतं. सूत, मीटर, रंग, उधारी, सगळं. पण ‘स्तन’ या शब्दाला चिनीत काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वतःच्या शर्टावर बोट ठेवून दाखवलं आणि मग भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ऑपरेशन करणारे सर्जन, किमो देणारे डॉक्टर आणि काढे देणाऱ्या शेनबाई तिघं एकाच इमारतीत बसायचे. शेनबाई साठीच्या, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, माझे रक्ताचे रिपोर्ट चष्मा वर करून वाचले आणि दुभाष्या मुलीकरवी मला सांगितलं, “तुझा आजार मी बरा करणार नाही. तो ते दोघं बघतील. त्यांचं औषध सोसायला मी तुला मदत करीन. त्यांच्यापासून लपवून माझं काही घेतलंस, किंवा माझ्यापासून लपवून दुसऱ्या कुणाचं, तर पुन्हा इथं यायचं नाही.”

दर पंधरवड्याला त्या काढा बदलायच्या. एकदा माझ्या लिव्हरचा आकडा वर गेला तर त्यांनी तो तिथल्या तिथं बंद केला आणि किमोच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या कडू, काळ्या पाण्यानं मला किती गुण आला ते मी छातीठोक सांगू शकत नाही. भूक लागली एवढं खरं. पण त्या बाईनं मला कधी एका शब्दानंही फसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरले. घराच्या तळमजल्यावर नंदूभाऊजींचं ऑफिस होतं. पूर्वी तिथं यंत्रमागाचे सुटे भाग विकायचे, आता भिंतभर खोकी रचलेली. मी एक पुडी उचलली आणि त्यांच्यासमोर फोडली.

वासावरूनच मी ओळखलं. सुकवलेली शेवंतीची फुलं आणि चारदोन लाल बेदाण्यांसारखी फळं. शाओशिंगच्या कापडबाजारात कुठल्याही दुकानात गेलं की गिऱ्हाइकाच्या हातात याच चहाचा पेला द्यायचे.

“भाऊजी, हा चहा आहे.”

“जडीबुटी आहे वहिनी. चायनातून येतीय. दादाच पाठवतो की कंटेनरमधनं.”

“यांना माहीत आहे तुम्ही हे काय म्हणून विकता ते?”

“दादा धंद्याचं विचारत नाही मला.”

“त्या हुपरीच्या बाईनं किमो सोडलाय.”

“तो तिचा निर्णय. मी कुणाला सोड म्हणत नाही. म्हटलं, शरीराला जरा विश्रांती द्या. यात काय वाईट आहे? शेवंतीच्या फुलानं कोण मेलंय का आजवर?”

“तिची गाठ किमोनं कमी झालीय. पुडीनं नव्हे.”

“कशावरून?” ते खुर्चीत मागं रेलले. “तुम्ही डॉक्टर आहात?”

मी म्हटलं, “तो व्हिडिओ आजच्या आज काढा. नाहीतर रविवारी तुमच्या शिबिरात येऊन मी सगळं सांगेन.”

ते हसले. त्या हसण्याची आठवण आली की आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते.

“काय सांगणार वहिनी? चारचौघांत, बाप्यामाणसांसमोर, माईकवर? कशाचं ऑपरेशन, काय काढलं, कुठलं काढलं? फुटंल का शब्द तोंडातनं? आणि सांगून आलात तर आई घरात घेईल तुम्हाला?” मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “मी कधी कुणाला सांगितलं नाही बघा. तुमची अब्रू मीच झाकलीय. हे विसरू नका.”

तेव्हा मला समजलं. हा माणूस चहा विकत नव्हता, माझी लाज विकत होता. मी तोंड उघडणार नाही या भरवशावर त्याचं दुकान उभं होतं, आणि तो भरवसा त्याला माझ्याच घरानं दिला होता.

संध्याकाळी चंद्रशेखरना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पुढच्या महिन्यात येतोच आहे मी. समजावतो त्याला. धाकटा आहे, चुकतं कधी कधी. तोवर तू काही तमाशा करू नकोस.”

“आणि तोवर त्या बाईची गाठ थांबून राहील का?”

“हेमा, आपल्या घराचं नाव...”

मी फोन ठेवला. हुपरीला जाऊन त्रिशलाला एकटीला सांगावं असंही मनात आलं. पण तिच्यासारख्या किती जणींपर्यंत ती पुडी पोचली होती, कुणाला ठाऊक! मी किती दारं वाजवणार होते?

रविवारी मी न्हाऊन, नवी इरकल नेसून निघाले. सासूबाई देवापुढं बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मंगल कार्यालयाचा छोटा हॉल भरला होता. बायका, त्यांचे नवरे, भाऊ, कुणाच्या म्हाताऱ्या आया. कितीतरी डोक्यांना स्कार्फ होते. स्टेजवर टेबल, टेबलावर पुड्यांचा ढीग, मागं पडद्यावर माझाच हसरा चेहरा. मला पाहताच भाऊजींचा चेहरा फुलला. त्यांना वाटलं, वहिनी वठणीवर आल्या.

“मंडळी, जिच्यासाठी तुम्ही लांबून आलात ती आमची वहिनी स्वतः आलीय. टाळ्या होऊन जाऊ द्या!”

टाळ्या झाल्या. माझ्या हातात माईक आला. दुसऱ्या रांगेत त्रिशला बसली होती, शेजारी अण्णासाहेब. ती मला पाहून ओळखीचं हसली.

“मी हेमलता ढवळे,” मी सुरुवात केली. “चीनमध्ये मला काढा दिला हे खरं आहे. त्यानं भूक लागली हेही खरं आहे. पण माझा आजार काढ्यानं बरा झालेला नाही. माझं ऑपरेशन झालं. त्यानंतर सहा किमो झाले. काढा देणाऱ्या बाईंनीच मला सांगितलं होतं की किमो चुकवायचा नाही.”

हॉलमध्ये कुजबुज उठली. भाऊजी हसत पुढं आले, माईकसाठी हात लांबवला. “वहिनी जरा घाबरल्यात मंडळी. यांच्यावर फार दबाव आहे...”

“हात लावू नका मला,” मी म्हणाले. ते माईकवरून सगळीकडं गेलं. भाऊजी जागच्या जागी थांबले.

मागून एक माणूस ओरडला, “कशावरून खरं मानायचं ओ? त्या व्हिडिओत एक सांगताय, इथं एक सांगताय!”

त्याचं काय चुकलं? खरंच, कशावरून? मी माईक टेबलावर ठेवला. पदराआड हात घातला आणि ब्लाऊजच्या डाव्या बाजूतून तो सिलिकॉनचा गोळा बाहेर काढला. शाओशिंगच्या दवाखान्यातल्या दुकानातून मापानं घेतलेला, रोज सकाळी धुऊन, पुसून घालत होते तो. अंगाच्या उबेनं कोमट झालेला. मी तो पुड्यांच्या ढिगाशेजारी ठेवला. मग पदर घट्ट ओढून कमरेला खोचला आणि सरळ उभी राहिले. एक बाजू सपाट.

“हे बघा,” मी म्हणाले. माईकची गरज उरली नव्हती. “हा माझा डावा स्तन. दुकानात मिळतो. खरा तिकडं कापून काढला, म्हणून मी आज जिवंत आहे. आता या पुडीत काय आहे तेही ऐका. शेवंतीचा चहा आहे. तिकडं पाहुण्यांना देतात.”

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान खाली घातली. मग एकदमच सगळे बोलू लागले. एक जण म्हणाला, “बाईमाणसानं असं करायचं असतं का!” एक तरुण मुलगी आपल्या आईला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. आणि एक वयस्क बाई, जिचं नाव मला कधीच कळलं नाही, रडत माझ्या अंगावर धावून आली. “तुला काय मिळालं गं? आमच्याजवळ एवढीच आशा होती, तीपण काढून घेतलीस!”

त्रिशला उठून पुढं आली. स्टेजच्या पायरीशी थांबून तिनं टेबलावरच्या त्या गोळ्याकडं पाहिलं, मग माझ्या सपाट बाजूकडं.

“मग माझी गाठ कशानं कमी झाली ओ?”

“दोन किमोनं.”

“आणि आता?” तिचा हात आपोआप काखेपाशी गेला. “आता पंधरा दिवस झाले, इथंही काहीतरी लागतंय हाताला. दादा म्हणाले, औषध काम करतंय म्हणून वर येतंय.”

अण्णासाहेबानं ते ऐकलं. तो साधा, अबोल माणूस. खुर्च्या बाजूला सारत तो स्टेजवर चढला आणि त्यानं नंदूभाऊजींच्या कानाखाली वाजवली. एकच. मग बायकोला म्हणाला, “चल.”

“मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले.

सोमवारी आम्ही तिघं कोल्हापूरला तिच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर काय म्हणाले होते आणि ती भाऊजींकडं कशी गेली, ते तिनं मला वाटेत सांगितलं. त्यांनी तपासलं, फाईल आपटली आणि तिच्यावर तोंड सोडलं. “शिकलेली माणसं तुम्ही! दोन महिने झोपला होता? आता आलात कशाला? त्या चायनावाल्याकडंच जा की!”

त्रिशला मान खाली घालून ऐकत होती. माझ्यानं राहवलं नाही.

“डॉक्टर, हिनं तुम्हाला विचारलं होतं ना, सोबत काढा घेऊ का म्हणून?”

“विचारलं असेल. मी म्हटलं असेल, मूर्खपणा करू नका.”

“एवढंच म्हणालात. का नको ते सांगितलं नाही, काय घेतेय ते विचारलं नाही. मला काढा देणारी बाई किमोच्या डॉक्टरांशी रोज बोलत होती. हिला तुम्ही दारातून हाकललंत, आणि ज्यानं अर्धा तास बसवून घेऊन ऐकून घेतलं त्याच्याकडं ती गेली. तो चोर होता, पण तो हिच्याशी बोलला.”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता बाहेर काढणार. पण त्यांनी फाईल पुन्हा उघडली. मग त्रिशलाला म्हणाले, “पुडी आणलीय का सोबत? दाखवा. आणि आणखी काय काय घेता? सगळं सांगा. आता रागावत नाही.” तिनं पर्समधून सगळं काढून ठेवलं. पुड्या, कसलासा अर्क, कुणीतरी दिलेली भस्माची बाटली. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. किमो त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाला, पण यावेळी औषधं बदलावी लागली. आजार काखेत उतरला होता.

घरी सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. चंद्रशेखर पुढच्याच आठवड्यात आले. भावाशी दार लावून काय बोलले कुणास ठाऊक, पण खोकी गेली, ऑफिसला कुलूप लागलं. मला म्हणाले, “निराळा मार्ग नव्हता का काही?” मी म्हटलं, “होता. तुमच्याकडं होता. तुम्ही पुढच्या महिन्यावर टाकलात.” त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, आजही राहतो, पण ते वाक्य आमच्यामध्ये आहे. त्या रविवारपासून मी तो गोळा घालणं सोडलं. बाजारात, लग्नात, देवळात तशीच जाते. लोक बघतात. बघू देत.

त्रिशलाचं ऑपरेशन झालं. बरी झाली, दोन दिवाळ्या पाहिल्या, मुलीचं लग्न केलं. मग तो आजार हाडांत निघाला. शेवटच्या दिवसांत तिला अन्न नकोसं झालं, तेव्हा त्याच डॉक्टरांनी एका चांगल्या वैद्यांना फोन करून स्वतः बोलावलं. दोघांनी मिळून, एकमेकांना विचारून औषधं दिली. ती आठवडाभर जेवली. पहिल्या दिवशीच असं झालं असतं तर तिला नंदूकडं जावंच लागलं नसतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी अण्णासाहेब आमच्याकडं आला. चहा घेतला नाही.

“वहिनी, ते दोन महिने वाया गेले नसते तर ती आज असती?”

मी हेच डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी जे सांगितलं तेच मला सांगावं लागलं. “सांगता येत नाही, अण्णासाहेब. तशीही गाठ पसरली असती कदाचित. नसतीही.”

त्यानं मान हलवली आणि उठून गेला.

नंदूभाऊजी आता सगळी दुखणी जातात म्हणून लोहचुंबकाच्या गाद्या विकतात. बरं चाललंय त्यांचं. नात्यातल्या लग्नात गाठ पडते तेव्हा कुणीतरी जुना विषय काढतंच. मग ते हातातली ताटली खाली ठेवून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “माझ्या पुडीनं कोण मेलं, एक नाव सांगा की!”

मी तिथंच उभी असते. नाव माझ्या जिभेवर असतं. पण पुडीनंच गेली असं कुणी डॉक्टर लिहून देणार नाही. तो माणूस याच एका ‘सांगता येत नाही’च्या आडोशाला बसून आजही पोटभर जेवतोय.